अडीच इंची पाईप

पन्हाळ्याहून रोज शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला येणाऱ्या सुहासकडे वडिलांच्या वेळची मारुती एस्टीम होती. १२९८ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन, ताकद सुमारे ८५ बीएचपी. टर्बो वगैरे काही नाही. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच सगळा कारभार. गाडी हलकी, म्हणून वाघबीळपासून वर पन्हाळ्याचा चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये मुकाट्यानं चढायची. सुहासला तिच्याबद्दल तक्रार अशी नव्हतीच.

तक्रार सुरू झाली ती मित्राने टर्बो पेट्रोल गाडी घेतल्यावर. मित्राने टर्बोच्या पुढचा कंपनीचा पाईप काढून अडीच इंची बसवून घेतला आणि एका रविवारी सुहासला शेजारी बसवून हायवेला नेलं. गाडी सुसाट सुटली. परत येताना मित्र म्हणाला, "भावा, पाईप मोठा केल्याबिगर गाडी श्वासच घेत न्हाई. तुझ्या एस्टीमलाबी हेच टाक, बघ कशी पळती."

मित्र खोटं बोलत नव्हता. त्याच्या गाडीत घडलं ते खरंच होतं. पण टर्बोच्या गाडीत सिलिंडरमधून निघालेला गॅस आधी टर्बाइनचं चाक फिरवतो आणि आपला बराचसा जोर तिथंच देऊन टाकतो. चाकाच्या अलीकडे दाब आणि पलीकडे मोकळं, असं असेल तितकं चाक जोरात फिरतं. म्हणून तिथं पुढचा पाईप मोठा केला की फायदा दिसतो. ज्या इंजिनाला हे चाकच नाही, त्याचं गणित निराळं. सुहासने हे विचारलं नाही आणि मित्राला ते सांगावंसं वाटलं नाही.

हायवेवरच्या एका सायलेन्सरच्या दुकानात दोन दिवसांत काम झालं. चारही नळ्या थेट एका ठिकाणी येणारा जाड तयार हेडर, तिथून शेवटपर्यंत अडीच इंची पाईप, आणि मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्या जागी सरळ नळी. जुना बिडाचा मॅनिफोल्ड दुकानदाराने विचारलं तेव्हा सुहासने भंगारात देऊन टाकला. स्वतः फौंड्रीतला माणूस, रोज बिडाचं भंगार भट्टीत जाताना पाहणारा. किलोमागे किती येतील ते त्याने लगेच सांगितलं.

त्या आठवड्यात आईला कोल्हापुरातून घरी न्यायचं होतं. डिकीत तांदळाचं पोतं, मागच्या सीटवर आई आणि बहीण. वाघबीळला वळून चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा दम संपला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी आरपीएमचा काटा २५०० च्या आसपास रेंगाळला. दुसरा टाकावा लागला. आवाज मात्र दरीच्या पलीकडे जात होता. आई म्हणाली, "वरडतीया लई रं, पर चढंना झालीया."

यावर कुणीतरी सांगितलं, इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच, ते कमी झालं म्हणून असं होतंय. मग पाईपात मध्ये भोक पाडलेली एक चकती वेल्ड झाली. आता खाली ओढ नाही ती नाहीच, वर जे थोडं पळत होती तेही गेलं. हा बॅकप्रेशरचा समज गॅरेजागॅरेजांत इतका मुरलाय की त्याबद्दल इथं स्पष्ट लिहायलाच हवं. मागून रेटणारा दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. पिस्टनला वर येताना जळका गॅस बाहेर ढकलावा लागतो आणि तो दाब म्हणजे त्या कामातला निव्वळ अडथळा. इंजिनाला हवा असतो तो गॅसचा वेग. पाईप फार मोठा केला की दाब थोडा कमी होतो पण वेग त्याहून जास्त पडतो, आणि लोक वेग पडल्याचं खापर दाब कमी झाल्यावर फोडतात.

उद्यमनगरात अण्णा मिस्त्रींचं छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक टिग मशीन आणि भिंतीला टांगलेल्या, वाकवलेल्या नळ्या. तरुणपणी त्यांनी मातीतल्या शर्यतींसाठी आरएक्स १०० चे चेंबर बनवले होते. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा आकार चुकला तर ताकद किती जाते आणि जमला तर किती येते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. नळीतल्या दाबाच्या लाटा कामाला लावण्याची ही विद्या पूर्व जर्मनीत एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी शर्यतीच्या इंजिनांवर नेटाने वाढवली. १९६१ मध्ये त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून आला, ती विद्या घेऊन सुझुकीकडे गेला आणि १९६२ ला ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीच्या गाडीवर जिंकला. एस्टीमचं इंजिन त्याच सुझुकीचं. ते फोर-स्ट्रोक असल्याने लाटेचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने होतो, पण लाट तीच.

सुहासने गाडी अण्णांच्या वर्कशॉपसमोर आणून लावली, बॉनेट उघडलं. अण्णांनी आत पाहिलंच नाही. गल्ल्यातून शाळेची वही आणि पेन्सिल काढली आणि दार उघडून शेजारच्या सीटवर बसले.

"चल."

"कुठं, अण्णा?"

"घरी जातोस तसा. रोजच्यागत चालव. माझ्यासाठी पळवू नको."

शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली. अण्णा रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होते. दर थोड्या वेळाने वहीत आकडा लिहायचे. वर पोचल्यावर त्यांनी वही सुहासच्या हातात दिली. बहुतेक आकडे दोन हजार ते साडेतीन हजारांच्या मधले. पाच हजारांच्या वरचा आकडा एकच, तोही उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करतानाचा.

"हा हेडर साडेपाच-सहा हजाराला कामाला येणारा हाय," अण्णा म्हणाले. "तिथं तू ऱ्हातोस काय?"

सुहास गप्प.

"तू फौंड्रीत काय करतोस?"

"मेथडिंगला आहे. नवा पॅटर्न आला की मेटल मोल्डमध्ये कुठनं न्यायचं, स्प्रू, रनर, गेट केवढे ठेवायचे, रायझर कुठं द्यायचा, ते मी ठरवतो."

"मग रनर सगळ्या कास्टिंगला एकाच मापाचा ठेवतोस?"

"न्हाई अण्णा. वजन, भिंतीची जाडी, किती सेकंदात भरायचं, त्यावर काढतो."

"दुप्पट मोठा ठेवला तर? मेटल आरामात जाईल की."

सुहासने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो थांबला. त्याला स्वतःच्याच रिजेक्शनचे ढीग दिसले. रनर गरजेपेक्षा मोठा केला की तो भरलेला राहत नाही, मेटल त्यात संथ वाहतं, वाटेत थंड होतं, हवा ओढून घेतं. मोल्डच्या टोकाला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत आणि जोडावर फट राहते. म्हणून तर स्प्रू वरून खाली निमुळता करतात. शिकाऊ पोरांना हे तो स्वतः समजावून सांगायचा. कुणी दुसऱ्या कास्टिंगचा रनर उचलून नव्या पॅटर्नला लावला तर त्याला तो चार शब्द सुनवायचा.

तो वही घेऊन तिथंच दगडावर बसला आणि गणित मांडू लागला. तीन हजार आरपीएमला १२९८ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त १९०० लिटरच्या आसपास हवा. जळून तापल्यावर तीच तिपटीच्या घरात फुगणार. पावणेदोन इंचावरून अडीच इंचावर गेलं की व्यास दीडपटसुद्धा वाढत नाही, पण तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं. तेवढाच गॅस, दुप्पट जागा: वेग निम्मा.

"आता लाट बघ," अण्णा म्हणाले, आणि वहीच्या मागच्या पानावर त्यांनी रेघा ओढल्या. पिस्टन तळाला पोचायच्या आधीच एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. आत अजून बराच दाब असतो. तो गॅस गोळीसारखा नळीत सुटतो. त्याची दाबाची लाट तापलेल्या गॅसमधून सेकंदाला ५०० मीटरहून जास्त वेगाने पुढं जाते, नळ्या जिथं एकत्र मिळतात तिथं जागा एकदम रुंदावते आणि तिथून ती उलटी होऊन, ओढ घेऊन, व्हॉल्व्हकडे परत येते. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलाय आणि इनटेक उघडू लागलाय, अशा क्षणी ती परतली तर सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेला जळका गॅस खेचून काढते आणि ताजी हवा पिस्टनच्या आधीच आत यायला लागते. फुकटची ताकद ती हीच. आखूड नळी असली तर लाट लवकर परतते, आणि तो क्षण वरच्या आरपीएमला जुळतो. लांब असली तर खालच्या. नळी फार जाड असली तर लाटेत दमच राहत नाही.

खाली आल्यावर अण्णांनी पहिला सल्ला दिला तो स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारा. "कंपनीचा मॅनिफोल्ड आण, परत बसवून देतो. तुझ्या चालवण्याला तो काय वाईट न्हवता." मॅनिफोल्ड भंगारात गेल्याचं ऐकून ते काहीच बोलले नाहीत. मग दोन अटी घातल्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर परत बसणार आणि मागचा मफलर कंपनीच्या जातीचा राहणार. "माझ्या हातची गाडी गल्लीतनं गेली तर कुणाचं तान्हं पोर उठता कामा नये," म्हणाले. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी कर्कश सायलेन्सर काढून रस्त्यावर रोलरखाली चिरडलेत. अण्णांच्या अटीला मात्र पोलिसांची भीती हे कारण नव्हतं.

जुना पाईप काढल्यावर अण्णांनी तो मागच्या ॲक्सलजवळच्या वळणावर कटरने कापला आणि व्हर्निअर सुहासच्या हातात दिलं. सरळ भागात बाहेरून ६३.५ मिलिमीटर. वळणात, जिथं मशीनने दाबून वाकवला होता तिथं, अरुंद बाजूला ४६. पाईप चपटा झाला होता आणि आतल्या अंगाला घड्या पडल्या होत्या. अडीच इंच फक्त मागून दिसणाऱ्या टोकाला होता.

नवा हेडर चार-दोन-एक ठरला. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२. एक आणि चार यांच्यात पूर्ण एका फेऱ्याचं अंतर, दोन आणि तीन यांच्यातही तेवढंच. म्हणून एक-चारची जोडी आणि दोन-तीनची जोडी, म्हणजे एकाचा गॅस दुसऱ्याच्या गॅसवर आदळत नाही. त्या दोन जोड्या खाली एका नळीत. दीड इंची, १६ गेजची एसएस ३०४ नळी; दीड इंच बाहेरून, आतून जेमतेम ३५ मिलिमीटर. अण्णांनी हेडचं गॅस्केट फ्लँजच्या पट्टीवर ठेवून स्क्रायबरने रेघ मारली आणि नळीचं तोंड पोर्टपेक्षा किंचित मोठं ठेवलं, म्हणजे उलट फिरणारा गॅस त्या पायरीला अडतो. वळणं मँड्रेलवर वाकवलेली, गोलाई शाबूत असलेली. वेल्ड करताना नळीच्या आतूनही आर्गॉन सोडला होता, नाहीतर स्टेनलेसचा जोड आतून काळा, खडबडीत होतो. प्रत्येक जोडानंतर ते बोट आत घालून फिरवायचे आणि बोटाला काही लागलं की फाइल घ्यायचे. शेवटी वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेली फ्लँज फेसिंग करून सपाट केली. एवढ्या सगळ्या कामात हीच पायरी घाईत राहून जाते, आणि मग गॅस्केट महिन्याभरात फुंकतं.

पुढचा पाईप पावणेदोन इंची.

सुहास शेवटी बोललाच. "अण्णा, दोन इंची करूया की. उद्या कॅम टाकला, कॉम्प्रेशन वाढवलं तर?"

"उद्याचं इंजिन आलं की उद्याचा पाईप करू. आज ह्याचा करू दे."

वाघबीळला तिसरा गिअर परत आला. २५०० ते ४००० च्या मधे गाडी पहिल्यापेक्षा जराशी चांगलीच ओढू लागली. फरक मोठा नव्हता आणि तो मोठा असणार नाही हे अण्णांनी आधीच सांगितलं होतं. एवढ्याशा इंजिनात नुसत्या हेडरने डोंगर हलत नाहीत. आवाज असा की बहिणीने मागच्या सीटवरून फोनवर बोलणं थांबवलं नाही. पीयूसीही पहिल्या फटक्यात निघाली.

महिन्याभराने मित्र सुहासबरोबर गाडीत बसून चढाला आला, आणि दुसऱ्याच दिवशी आपली टर्बो घेऊन उद्यमनगरात हजर. "अण्णा, सुहाससारखाच पावणेदोन इंची करून द्या. लई भारी ओढती त्याची."

अण्णा काही म्हणायच्या आत सुहासने गल्ल्यातली वही उचलली, टर्बाइनचं चाक काढलं आणि मित्राला बाकावर बसवून समजावायला लागला. तुझ्या चाकापुढं जागा मोकळीच पाहिजे, त्याला हात लावू नको. मित्र बराच वेळ वाद घालत होता. अण्णा तोवर गाडीखाली शिरले होते. बाहेर येऊन त्यांनी तुटलेलं एक हँगर रबर दाखवलं. त्यामुळेच पाईप बॉडीला लागून खडखड करत होता. ते बदललं, रबराचे तेवढे पैसे घेतले आणि गाडी दाराबाहेर काढायला सांगितली.