बळ कोणाचं?

१९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली बर्लिनला गेलं. तिथे ऑलिम्पिक भरलं होतं. पथकाला पदक मिळवायचं नव्हतं, आपले खेळ जगाला दाखवायचे होते. हुतुतू आणि मल्लखांब युरोपातल्या प्रेक्षकांनी पाहिले, ते या वऱ्हाडी पोरांच्या अंगावर.

त्याच बर्लिनमध्ये त्याच दिवसांत सुदृढ शरीराची एक वेगळीच पूजा चालली होती. ग्रेटेल बर्गमन या ज्यू तरुणीने उंच उडीत जर्मन विक्रमाशी बरोबरी केली होती, तरी तिला संघातून वगळण्यात आलं. कारण तिथे बळ वंशाच्या मालकीचं ठरलं होतं. मारुतीला नमस्कार करून घराबाहेर पडलेली मंडळी अशा नगरीत आपली ताकद दाखवत होती. बलोपासना आणि बलोन्माद यांच्यातली सीमा नेमकी कुठे असते, हा प्रश्न म्हणूनच अमरावतीचाही आहे.

वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ मध्ये ही संस्था सुरू केली. गावात आजही तिचं नाव हनुमान आखाडाच. शिवराम हरी राजगुरू काही काळ इथे शिकले. आखाडा म्हटला की मारुती आलाच. पोरं मातीला हात लावून तो कपाळाला नेतात, मगच लंगोट कसून मेहनतीला लागतात. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळलेलं असतं. ते इतकं गुळगुळीत की नुसत्या जोरावर चढू पाहणारा घसरून खाली येतो. पायांची अढी किंवा तिढी घट्ट बसली, लाकडाचा दाब मांडीच्या कातडीला नीट कळला, की मग हात सुटले तरी माणूस वर राहतो. थोरल्या पोरांच्या अंगावर घासून झालेले काळे डाग दिसतात. इथला वस्ताद शाबासकी हात राखून देतो. जोर किती, यापेक्षा तोल किती, याकडे त्याचं लक्ष असतं.

या सगळ्याला मारुतीच का लागतो? कुंभकर्णही बलवान होता, वालीही होता. किष्किंधाकांडाच्या शेवटी समुद्र आडवा येतो तेव्हा वानरसेना हताश होऊन बसते आणि हनुमान एका बाजूला गप्प असतो. त्याला त्याच्या ताकदीची आठवण जांबवान करून देतो, आणि तीही दुसऱ्याच्या कामासाठी. आपलं बळ आपल्याला सदैव ठाऊक नसणं, ते गरजेपुरतं जागं होणं आणि काम झाल्यावर त्याचा हिशेब न मागणं, हे या दैवताचं लक्षण आहे. समर्थांनी गावोगाव मारुती बसवले ते याच दैवताचे. मुंडकोपनिषदाने बलहीनाला आत्मलाभ नाही असं सांगितलं. १८९७ मध्ये मद्रासच्या व्याख्यानात विवेकानंदांनी तर तरुणांना बजावलं की, गीता वाचण्यापेक्षा फुटबॉल खेळून तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल.

फुटबॉलचंच उदाहरण घेऊ. १९३० च्या पहिल्या विश्वचषकाला उरुग्वेपर्यंत जहाजाने गेलेल्या युरोपच्या चार संघांपैकी एक रुमानियाचा. राजा दुसरा कॅरोल याने त्यात जातीने लक्ष घातलं होतं. यॉन लापुश्नेआनू हा त्यांचा गोलरक्षक. पेरूविरुद्ध त्याचा संघ ३-१ ने जिंकला. पुढे यजमान उरुग्वेने त्याच्यावर चार गोल केले आणि रुमानिया ०-४ ने हरून परतला. तोच उरुग्वे पुढे जगज्जेता झाला. वेशीवरच्या मारुतीसारखं गोलरक्षकाचं काम राखण्याचं. त्याने अडवलेला चेंडू गुणफलकावर दिसत नाही, सुटलेला मात्र कायमचा लिहिला जातो.

कर्मफलाची आशा सोडा, हा गीतेचा उपदेश इथे कसोटीला लागतो. चेंडू जाळ्यात गेला काय, न गेला काय, आपल्याला सारखंच, असं म्हणणारा गोलरक्षक निष्काम ठरत नाही. तो कामचुकार ठरतो. चेंडू अडलाच पाहिजे, याची तळमळ त्याला हवीच. सोडायची आहे ती अडवल्याच्या श्रेयावरची मालकी. निष्कामतेचा अर्थ बेफिकिरी असा लावल्याने आपलं फार नुकसान झालं आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापून आलं, म्हणजे आखाडा सुरू झाल्यानंतर वर्षभरात. टिळकांचा भर लोकसंग्रहावर होता. टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्या अमरावतीत हा विचार पुस्तक येण्याआधीच घरोघर पोचलेला असणार. शरीर कमवायचं ते लोकांसाठी, या श्रद्धेवर त्या पिढीने आखाडे उभे केले.

‘लोकांसाठी’ हा शब्द मात्र धोक्याचाही आहे. बर्लिनमध्येही तो घोकला जात होता, फक्त लोक कोण ते आधी ठरवून टाकलं होतं. म्हणून बळाची परीक्षा भाषणात होत नाही. ते कोणाचा भार उचलतं आणि कोणाला वगळतं, हे पाहावं लागतं.

अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी भार उचलणं म्हणजे काय ते रस्त्यावर दिसतं. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून शिवभक्त रात्रभर चालतात आणि ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. एकेका मोठ्या कावडीला शेकडो भरण्या बांधलेल्या असतात आणि ती कितीतरी खांदे मिळून पेलतात. एकाचा खांदा सोलवटला की दुसरा आत शिरतो. कावड खाली टेकत नाही. पाणी कोणी आणलं याला देवळात काही अर्थ उरत नाही, सगळ्या भरण्या एकाच पिंडीवर रित्या होतात. मोठ्या कावडीची चढाओढ मंडळांमध्ये लागते, गाजावाजाही होतो, आणि तो भक्तीला जड होऊ लागला आहे असं स्पष्ट म्हणायला हवं. पण खांदा बदलण्याची ती रीत अस्सल आहे.

सर्वांत अवघड प्रश्न तरीही उरतो. शरीर हीच साधना असेल, तर ज्याचं शरीरच झिजतं आहे त्याने काय करायचं? याचं उत्तरही अमरावतीतच सापडतं. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तिथे कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते. पकड किती घट्ट झाली, भांडं किती तापलं आहे, हे हाताला कळत नाही. जखम होते आणि दुखत नाही म्हणून चिघळते. मल्लखांबपटू ज्या स्पर्शज्ञानावर वर चढतो, नेमकं तेच या माणसांनी गमावलेलं असतं. स्वतःच्या हाताकडे डोळ्यांनी बघत, तो सांभाळत, त्यांना प्रत्येक काम नव्याने शिकावं लागतं. यालाही जो मेहनत म्हणेल आणि मल्लखांबाच्या पंगतीला बसवेल, त्यालाच बलोपासना कळली असं म्हणता येईल. वंशाचा अभिमान मिरवणाऱ्या बर्लिनमध्ये अशा शरीरांना जागा नव्हती. १९३३ पासूनच तिथे आनुवंशिक आजाराच्या नावाखाली सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा होता. अमरावतीत मात्र आखाडा आणि तपोवन एकाच गावात आहेत, आणि दोन्ही संस्था आजही चालू आहेत. व्यायाम शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात तपोवनातले काही दिवस सक्तीचे करायला काय हरकत आहे?