ध्रुवाची कवठं

महाशिवरात्रीच्या आसपास बाजारात कवठं दिसली की मला ध्रुव आठवतो. सावत्र आईनं, सुरुचीनं, बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही म्हणून पाच वर्षांचं ते पोर घरातून निघालं. देव हवा होता तो उंच जागेसाठी. वाडवडिलांनाही मिळाली नसेल इतक्या उंच. नारदांनी समजावून पाहिलं, पोर हटेना. मग त्याच हट्टाच्या हाती त्यांनी द्वादशाक्षरी मंत्र दिला आणि यमुनाकाठच्या मधुवनाची वाट दाखवली. आधी मन शुद्ध करून ये, असं काही म्हणाले नाहीत. मला नारद इथे फार आवडतात. आपणही मुलांच्या निकालासाठी नवस बोलतोच की!

भागवताच्या चौथ्या स्कंधात या तपाचा चक्क हिशेब आहे. पहिल्या महिन्यात दर तीन दिवसांनी कवठं-बोरं, दुसऱ्यात सहा दिवसांनी वाळलेलं गवत आणि पानं, तिसऱ्यात नऊ दिवसांनी नुसतं पाणी. शेवटी विष्णू समोर आले. पोराला शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी शंख त्याच्या गालाला लावला. ३६,००० वर्षांचं राज्य आणि अढळपद, दोन्ही मिळालं.

तरी परतताना ध्रुव खट्टूच होता. सम्राटाच्या दारी जाऊन आपण कोंडा मागितला, असं त्याला वाटत राहिलं.

नगराच्या वेशीवर सगळे सामोरे आले होते. त्यानं सुरुचीच्याही पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला उचलून पोटाशी धरलं.