आपले, परके आणि घातक

रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म', म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवरच्या हजारो संगणकांत पसरला. ज्ञात हल्ल्यांच्या खुणांची यादी कितीही वाढवली, तरी यादीबाहेरच्या नव्या हल्ल्यापुढे ती लुळी पडते, हे अशा घटनांनी दाखवले. संगणक-सुरक्षेच्या संशोधक डोरोथी डेनिंग यांनी १९८७मध्येच वेगळी वाट सुचवली होती: नेहमीचे वागणे आधी नोंदवा आणि त्याला सोडून जे घडेल ते टिपा. ही वाट पुढे जीवशास्त्राला जाऊन मिळाली.

पूर्वी कधीच न भेटलेला जंतूही शरीर ओळखते. ते कसे, याचे उत्तर रोगप्रतिकारशास्त्रज्ञ मॅकफार्लन बर्नेट यांच्या काळापासून 'स्व' आणि 'पर' यांच्या भेदात शोधले गेले. टी-पेशींवरचे ग्राहक यदृच्छेने घडतात, नाना आकारांचे असतात. थायमस ग्रंथीत त्यांची परीक्षा होते. शरीराच्या स्वतःच्या घटकांवर जी पेशी जोराने तुटून पडते, ती तिथेच नष्ट केली जाते. उरलेल्या पेशी ज्याला चिकटतील, ते बहुधा परके असते.

न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या स्टेफनी फॉरेस्ट आणि लॉस अलामॉसचे अॅलन पेरेल्सन यांनी सहकाऱ्यांसह १९९४मध्ये हीच रीत संगणकात उतरवली. यदृच्छेने शोधक तयार करायचे, नेहमीच्या व्यवहाराशी जुळणारे टाकून द्यायचे आणि बाकीचे पहाऱ्यावर ठेवायचे. नंतर स्टीव्हन हॉफमायर यांनी ही कल्पना नेटवर्कवर नेली. कोणता संगणक कोणाशी, कोणत्या सेवेसाठी बोलतो, याची ४९ बिटांची ओळख त्यांनी बनवली. प्रत्येक संगणकाकडे शोधकांचा निराळा संच होता, त्यामुळे एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला सापडू शकत होते. माणसाने दुजोरा दिला, तरच शोधकाला दीर्घ स्मृती मिळत असे. विविधता हेच संरक्षण आणि अंतिम निर्णयात माणूस, या दोन गोष्टी मला आजही या कामाचा गाभा वाटतात.

अडचणी मात्र लवकरच दिसल्या. व्यवहार वाढला की लागणाऱ्या शोधकांची संख्या आवाक्याबाहेर जाते. नेटवर्कचा 'स्व'ही स्थिर नसतो. नवा कर्मचारी येतो, नवी प्रणाली बसते. त्यात गणित आडवे येते. समजा, दहा लाख नोंदींत दहाच हल्ले आहेत. शंभरातल्या एकाच निर्दोष नोंदीवर चुकून घंटा वाजली, तरी जवळजवळ दहा हजार खोटे इशारे होतात. त्यांत खरे दहा शोधणारा माणूस थकतो आणि घंटेकडे दुर्लक्ष करू लागतो.

याच सुमारास रोगप्रतिकारशास्त्रातही खळबळ होती. पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४मध्ये विचारले: परक्याशी लढणे हाच शरीराचा नियम असेल, तर गर्भ कसा वाढतो? आतड्यांतले जिवाणू कसे नांदतात? त्यांच्या मते शरीर प्रतिसाद देते ते धोक्याला, इजा झालेल्या पेशींनी पाठवलेल्या संकेतांना. उवे आयकेलिन आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये हा विचार घुसखोरी शोधण्याशी जोडला. त्यातून ज्युली ग्रीनस्मिथ यांनी शरीरात असे संकेत टिपणाऱ्या डेंड्रायटिक पेशींवर आधारित पद्धत घडवली. ती वेगवेगळे संकेत काही काळ गोळा करते, त्यांचा मेळ घालते आणि मगच निष्कर्ष काढते.

परकेपणाऐवजी धोक्याकडे पाहण्याचा हा बदल किती गरजेचा होता, ते २७ जून २०१७ रोजी दिसले. नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून शिरला, म्हणजे विश्वासाच्या दारातून, आपला म्हणून. त्याची झळ मर्स्क या जहाज कंपनीमार्फत आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या टर्मिनलपर्यंत पोहोचली. अर्थात, इजेचा संकेत येईपर्यंत थोडी इजा झालेलीच असते, आणि असा हल्ला वाट पाहत नाही. म्हणून वेगळेपणाची नोंद हवीच. पण ती चौकशीची सुरुवात असावी, निकाल नव्हे.

आज न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या प्रणाली कोट्यवधी नोंदींतून 'नेहमीचे' काय ते शिकतात. तरी प्रश्न तोच उरतो. मध्यरात्री दूरच्या गावातून लॉग-इन करणारा कर्मचारी वेगळा वागतो, एवढ्यानेच तो गुन्हेगार ठरत नाही. त्याच्या वावरानंतर फायली कुलूपबंद होऊ लागल्या किंवा माहिती बाहेर वाहू लागली, तर संशयाला आधार मिळतो. इशारा देणाऱ्या प्रत्येक यंत्राकडे आपण त्या आधाराची मागणी केली पाहिजे. परकेपणालाच अपराध मानणारी सुरक्षा निरपराधांना छळते आणि आपल्यांच्या वेशात आलेल्या शत्रूला आत घेते.