एक ‘का’

लासलगावपासून दोन कोसांवरच्या एका वस्तीवर बाप-लेक राहत होते. चार एकर रान होतं आणि चाळीत उन्हाळ कांदा भरलेला होता. बापाला सगळे आप्पा म्हणत. लेकाच्या मोबाइलवर कांद्याचे सात ग्रुप होते. किमान, कमाल, सरासरी, सगळे भाव घरबसल्या कळत. पूर्वी त्यासाठी बाजारातून परतणाऱ्या ट्रॅक्टरची वाट बघावी लागे. ती सोय मोठीच होती.

८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, तेव्हा भाव कोसळले आणि लिलाव बंद पडले. बंदी उठायला ४ मे २०२४ उजाडला. तो मार कुणी विसरलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात, दुपारी, लेकाने सहज एका ग्रुपवर विचारलं, ‘निर्यातबंदी येणार का परत?’ आणि तो गाईला पाणी पाजायला गेला.

संध्याकाळी चुलत्याचा फोन आला. “बंदी येणार म्हणत्यात रे.” रात्री दुसऱ्याच ग्रुपवर मेसेज पडला. ‘निर्यातबंदी येणार परत. पक्की बातमी. माल काढून घ्या.’ लेकाच्या पोटात गोळा आला.

आप्पांनी विचारलं, “कुणी सांगितलं?”

“सगळेच सांगतायत.”

“सगळे म्हंजे कोण?”

लेक चिडला. त्याने चाळीत दिवा लावला आणि पाट्या भरायला घेतल्या. निवड करायला वेळ नव्हता. मोठा कांदा, गोल्टी, कोंब फुटलेला, सगळं एकाच ट्रॉलीत गेलं. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनीही पाटी उचलली.

उजाडताना ते बाजार समितीपाशी पोचले, तर रांग पार रस्त्यावर आलेली. सगळ्या शिवाराने रात्र जागून काढली होती. लिलाव सुरू झाला. व्यापाऱ्याने ट्रॉलीत हात घातला, कांदे तळहातावर घेतले, अंगठ्याने पत्ती चोळून पाहिली, खालची गोल्टी वर काढली आणि पुकारा केला. कालच्यापेक्षा क्विंटलमागे ३०० रुपये कमी. एवढा माल एकाच दिवशी आल्यावर दुसरं काय होणार? लेकाने मान हलवली. काटा झाला, हिशोबपट्टी हातात पडली.

दुपार झाली. बंदी काही आली नाही.

चहाच्या टपरीवर बसून लेक मेसेज मागे मागे नेत राहिला. ‘कुठून आलं?’ असं ज्याला त्याला विचारत गेला. चुलत्याला मेव्हण्याने पाठवलं होतं, मेव्हण्याला त्याच्या मित्राने. तो मित्र लेकाच्याच ग्रुपमधला निघाला. सगळी वाट फिरून लेक स्वतःच्याच ओळीपाशी आला. शब्द तेच होते. वाटेत फक्त ‘का’ गळला होता.

त्याने मोबाइल आप्पांपुढे धरला. आप्पांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या.

“बांधावर कुणी बातमी आणली, तर आधी त्याच्या तोंडाकडं बघायचो आम्ही,” ते म्हणाले. “इथं तोंडच दिसत नाही. मग तू कुणाकडं बघितलंस?”

लेकाने सातही ग्रुपवर लिहिलं, ‘बंदीचं मीच विचारलं होतं. ती बातमी नव्हती.’

तो मेसेज कुणीच पुढे पाठवला नाही.