सांडलेल्या तेलाची भरपाई कोणी करावी?

हातोदला एका बांधवांच्या ओसरीवर आम्ही दर रविवारी मुलांची शब्बाथ शाळा घेतो. एकदा धडा होता जक्कयाचा. त्याने लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले, इथपर्यंत आम्ही आलो, तोच एका मुलाने विचारले, "जक्कयाने मुद्दाम लुबाडले होते. पण मुद्दाम केले नसेल तरीही द्यावे लागते काय?" चौकशी केल्यावर कळले की त्यांची म्हैस रात्री दावे तोडून सुटली, तिने डिझेलचे पिंप उलथवले, आणि तेल उतारावरून शेजाऱ्याच्या विहिरीत गेले. शेजारी विहीर उपसण्याचा खर्च मागत होता. मुलाचे वडील म्हणत होते, "मी काय हाताने ओतले?"

आम्ही मुलाला त्या दिवशी जे उत्तर दिले ते घाईचे होते. निर्गमाच्या पुस्तकातील उघड्या खड्ड्याचा नियम आम्ही त्याला सांगितला. कोणी खड्डा खणून झाकला नाही आणि शेजाऱ्याचा बैल त्यात पडून मेला, तर खड्ड्याच्या धन्याने पैसे भरावेत. शेतात पेटवलेली आग काट्याकुट्यांतून पसरून दुसऱ्याचे उभे पीक जळाले, तर आग लावणाऱ्याने भरून द्यावे. तेथे त्याच्या मनात काय होते, हे कोणी विचारत नाही. खड्डा त्याचा होता, आग त्याची होती, एवढे पुरे. मुलगा म्हणाला, "म्हणजे पिंप आमचे होते."

ओसरीवर बसलेल्या एका भगिनी हे ऐकत होत्या. त्यांचे माहेर अलिबागच्या बाजूचे, आणि आई मासळी विकणारी. त्या म्हणाल्या, "हे आमच्याकडे २०१० साली समुद्रात झाले. पण पिंप कुणाचे, हे ठरता ठरेना." हातोदच्या मुलांना यशवंतसागराचे पाणी ठाऊक आहे, समुद्र पुष्कळांनी पाहिलेलाही नाही. म्हणून ती हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगतो.

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. न्हावा-शेव्याहून निघालेले 'एमएससी चित्रा' बाहेर जात होते, 'खलिजिया ३' आत येत होते. चित्रा एका कुशीवर कलंडले, त्यावरचे कित्येक कंटेनर समुद्रात पडले. काहींत कीटकनाशके होती. जहाजाच्या इंधनापैकी सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेले. तवंग मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यांना लागला, तिवरांची मुळे काळी पडली. पावसाळी मासेमारीबंदी संपत आली होती, नारळी पौर्णिमा तोंडावर होती. वर्षाची उधारी फेडण्याचे हे दिवस. तेवढ्यात लोकांनी भीतीने मासळी घेणेच सोडले. त्या भगिनींची आई रोज पाटी भरून बाजारात बसे आणि तशीच भरलेली पाटी घेऊन परत येई. तिच्या होडीला तेल लागले नव्हते, कारण तिला होडी नव्हतीच. तिची कोणती वस्तू बिघडली? एकही नाही. तरी तिचे घर त्या महिन्यात बुडाले.

असे प्रश्न जगापुढे प्रथम मोठ्या प्रमाणावर १९६७ साली आले. 'टॉरी कॅन्यन' नावाचे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि लाखाहून अधिक टन कच्चे तेल घेऊन फुटले. मालक कंपनीने अमेरिकेतील न्यायालयात आपली जबाबदारी पन्नास डॉलरपुरती धरावी असे म्हटले. कारण जहाजातून वाचली ती एक लहान होडी, आणि तिची किंमत तेवढी! कायद्याची अक्षरे त्या कंपनीच्या बाजूने असतीलही. पण काळ्या पडलेल्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे कसे वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

त्यातून १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यात निर्गमातील खड्ड्याचाच न्याय आला. तेलवाहू जहाजातून तेल सांडले तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. युद्धासारखे थोडे अपवाद सोडून त्याने भरावे, आणि त्यासाठी विमा ठेवावा. मात्र जबाबदारीला एक कमाल आकडा आहे. आम्हांला ही मर्यादा खुपते. मर्यादा नसेल तर विमा मिळणार नाही आणि विमा नसेल तर पीडिताला काहीच मिळणार नाही, असे व्यवहार जाणणारे सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण कोळ्याच्या नुकसानीला अशी मर्यादा कोणी घालून देत नाही.

मालकाचे पैसे पुरले नाहीत तर काय, यासाठी १९७१ साली एक निधी उभारण्याचे ठरले. आज चालू असलेल्या त्याच्या १९९२ च्या स्वरूपात भारत २००१ पासून सहभागी आहे. एका अपघातासाठी जहाजमालक आणि निधी मिळून नाणेनिधीच्या हिशेबी एककांत २० कोटी ३० लाखांपर्यंत रक्कम देऊ शकतात. या निधीत पैसे भरतात ते समुद्रमार्गे आलेले कच्चे किंवा जड तेल वर्षात दीड लाख टनांहून अधिक घेणारे. तेलशुद्धीकरण कंपन्या त्यात आल्या. त्यांनी कोठेही काही सांडलेले नसते. तरी त्या देतात, कारण ज्यांच्यासाठी तेल समुद्रावरून येते त्यांनी त्याच्या धोक्याचाही वाटा उचलावा, असे ठरले आहे. आणि कंपनीला पैसे कोठून येतात? हातोदच्या शेतात सोयाबीनच्या पेरणीला फिरणारा ट्रॅक्टर ज्या डिझेलवर चालतो, त्याच्या दामातून. वाटा अगदी बारीक आहे, पण आहे. समुद्र न पाहिलेली आमची मुलेही त्या खड्ड्याच्या धन्यांत मोडतात, हे आम्हांला त्या रविवारी ठाऊक असते तर आम्ही धडा वेगळा घेतला असता.

पण चित्रा हे तेलवाहू जहाज नव्हते. त्यातून सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन, म्हणून ही सारी व्यवस्था तिला लागू होईना. इंधनतेलासाठी २००१ साली वेगळा करार झालेला होता, तो २००८ पासून अमलातही आला होता. भारताने मात्र तो तोवर स्वीकारलेला नव्हता. कोळ्याच्या जाळ्याला लागलेले तेल पोटातून आले की टाकीतून, हे जाळ्याला कसे कळावे?

येथे काही बंधू विचारतील की ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, भरपाई कशाला मागावी? क्षमा ही ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातची गोष्ट आहे. ज्याने नुकसान केले त्याने दुसऱ्याला क्षमेचा उपदेश करणे आम्हांला नेहमीच संशयास्पद वाटत आले आहे. जक्कयाने कोणाला क्षमा मागितल्याचे लिहिलेले नाही. त्याने हिशेब मांडला.

आणखी एक गोष्ट आहे. गणनेच्या पुस्तकात एक विलक्षण नियम आहे. ज्याचे नुकसान झाले तो नाही आणि त्याचा कोणी आप्तही नाही, तरी भरपाई सुटत नाही. ती परमेश्वराची म्हणून याजकाला द्यावी लागते. घेणारा नाही म्हणून देणे संपत नाही. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईपासून थोड्या अंतरावर 'एमव्ही राक' हे जहाज सुमारे ६० हजार टन कोळसा घेऊन बुडाले आणि त्याचे तेल बाहेर आले. २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कतारच्या कंपनीला १०० कोटी रुपये आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी रुपये पर्यावरणाची भरपाई म्हणून भरण्याचा आदेश दिला. समुद्राला वारस नसतो; त्याच्या वतीने कोणीतरी घ्यावे, असा तो आदेश होता. ते वाचून आम्हांला समाधान वाटले. पण मासळीबाजारात बसणाऱ्या बाईच्या पाटीत त्यातून काही पडले असेल असे नाही.

म्हणून आम्ही त्या भगिनींना विचारले की आईने २०१० साली अर्ज का केला नाही. त्या हसल्या. "अर्जाला पावत्या लागतात. बारा महिने विकलेल्या मासळीची पावती कोणती कोळीण ठेवते?" आंतरराष्ट्रीय निधीच्या नियमांत लहान मच्छीमारांची ही अडचण ओळखलेली आहे, कागद नसेल तर इतर मार्गांनी अंदाज बांधता येतो. पण तिचा दावा त्या निधीपुढे जाण्याजोगाच नव्हता, आणि गेला असता तरी तीन वर्षांच्या आत मागणी करावी लागते हे तिला सांगणार कोण?

"मग पुरावा कोणता दिला असता?" मघाचा मुलगा मध्येच म्हणाला.

त्या म्हणाल्या, "आईच्या शेजारी बाजारात तीस वर्षे बसणाऱ्या बायका आहेत. रोज किती पाट्या रिकाम्या व्हायच्या, त्यांना विचारा."