जोडाभर पाणी आणि पुढची बारा वर्षं

सहावीच्या वर्गात मी दरवर्षी तहानलेल्या कुत्र्याची हदीस सांगते. वाटसरू विहिरीत उतरतो, पाणी पितो. वर येतो तर एक कुत्रा तहानेनं ओली माती चाटतोय. तो पुन्हा उतरतो, पायातला जोडा पाण्यानं भरतो, तोंडात धरून वर आणतो. अल्लाह त्याला माफ करतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण एका मुलीनं विचारलं, "आपा, मग आपल्यात कुणी कुत्रा का पाळत नाही?"

तेव्हा माझ्याकडं नीट उत्तर नव्हतं. ते शोधायची वेळ लवकरच आली.

आमच्या रस्त्यावर एक कुत्री टेम्पोखाली मेली. तिची तीन पिल्लं शेजारच्या काकूंनी उचलून नेली. कायमचं घर मिळेपर्यंत त्या अशी पिल्लं सांभाळतात. जंताचं औषध, लशी सगळं पदरमोड करून. दोघांना घर मिळालं. उरली एक काळी मादी. माझ्या मुलानं तिच्यासाठी हट्ट धरला.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ज्या घरात कुत्रा, तिथं रहमतचे फरिश्ते येत नाहीत." त्यांचं चुकत नव्हतं, तीही हदीसच आहे. शिवाय आम्ही कोकणी, शाफई. कुत्र्यानं तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. हनफी कुत्र्याची लाळ नापाक मानतात, तर मालिकी कुत्र्याला मुळात पाक मानतात. इमामांमध्ये एवढा मतभेद आहे, पण कुत्र्याला छळायला कुणीच परवानगी दिलेली नाही. नियम भांडं धुण्याचा आहे, दगड मारण्याचा नाही. कुरआनातल्या गुहेच्या साथीदारांचा कुत्राही उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला आहे. त्याला कुणी हाकललेलं नाही.

एवढी तयारी करून मी काकूंकडं गेले. मला वाटलं, त्या खूश होतील. त्यांनी मलाच विचारलं, "बाई, तुम्ही शाळेत गेल्यावर हिच्याकडं कोण बघणार? मे महिन्यात गावाला गेलात तर? सहा-सात महिन्यांची झाली की नसबंदी करून घ्याल? बारा-तेरा वर्षं जगेल ही. आणि घरातल्या सगळ्यांची मर्जी आहे ना?"

मी गप्प झाले. दुसरी हदीस आठवली. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. खायला दिलं नाही, बाहेर जाऊन स्वतःचं पोट भरायला सोडलंही नाही. त्यापायी ती दोजखात गेली. विहिरीवरच्या माणसानं पाणी पाजलं आणि तो आपल्या वाटेनं गेला. मांजर मात्र बाईच्या ताब्यात होतं. पिल्लू घरी आणणारा माणूस पहिल्या गोष्टीत नसतो, दुसऱ्या गोष्टीत असतो. दया क्षणाची असते. ताबा घेतला की हिशेब सुरू होतो. मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथं मिळालं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न खोटा नाही. चावा, रेबीज यांची भीती पालकांना असतेच. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला सांगितलं. पण ती कमी व्हायची तर कुणीतरी एकेकाची लस, नसबंदी आणि भाकरी आपल्या अंगावर घ्यायला हवी.

वाट अम्मींनीच काढली. शिकार, गुरं आणि शेतीच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायची सवलत आहे. आमच्या घरामागं आंब्याची वाडी आहे, माकडं येतात. "वाडीत राहील, घरात नाही. तिची भांडी वेगळी," त्या म्हणाल्या. मग मी काकूंना होकार कळवला.

तरी मनात एक काटा राहिला. राखण ही आमची खरी गरज आहे, की पिल्लू आणायचा बहाणा? अमलाचं मोल नियतीवर, हे मीच मुलांना शिकवते. मला वाटतं, याचा निकाल आज लागणार नाही. ती म्हातारी होईल, तिला दिसेनासं होईल, माकडांवर भुंकता येणार नाही. त्या दिवशी आम्ही तिच्यापुढं भाकरी ठेवली, तर समजायचं की आम्ही आणलं होतं ते पिल्लू होतं, राखणदार नव्हे.

सध्या मगरिबनंतर अम्मी खिडकीतूनच विचारतात, "तिचं पाणी भरलंस का गं?"