वेगळी धुतलेली ताटं

मध्य फ्रान्समधल्या एने-ल-शातो या गावात १९०० पासून सामान्य लोकांच्या घरी मनोरुग्ण राहत आले आहेत. दवाखाना त्यांना गावातल्या कुटुंबांकडे सोपवतो, त्यांच्या खर्चापोटी पैसे देतो. रुग्ण रस्त्यावर मोकळे हिंडतात, घरच्या कामाला हात लावतात. वेड लागलेल्या माणसाला कोंडूनच ठेवायचं, असं मानणाऱ्या जगात या गावाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

समाजमानसशास्त्रज्ञ देनीज जोदेले यांनी या गावाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये आलं. त्यांना तिथे एक विलक्षण गोष्ट आढळली. रुग्णाची ताटं घरच्या भांड्यांपासून वेगळी घासली जात, त्याचे कपडे वेगळे धुतले जात. वेड संसर्गाने पसरतं का, असं विचारलं की लोक ‘नाही’ म्हणत. ते खोटं बोलत नव्हते. तरी लाळेतून, घामातून काहीतरी आपल्यात उतरेल ही जुनी धास्ती धुण्याभांड्यांत टिकून होती. ती कुणी पुस्तकातून शिकलेली नव्हती. घरात वावरतावावरता ती हाताला लागलेली होती.

जोदेले यांच्या आधी, १९६१ मध्ये, समाजमानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोव्हिसी यांनी यामागचं सूत्र मांडलं होतं: माणूस एकटा विचार करत नाही, समाजाने आधीच लावून ठेवलेल्या अर्थांतून करतो. एने-ल-शातोत मला त्यापुढचं काही दिसतं. रुग्ण परका राहिला असता, तर वेगळ्या ताटाची गरजच पडली नसती. तो घरात आला, रोजचा झाला, आणि ‘हा आपल्यातला नाही’ हे सांगायला दुसरी जागा उरली नाही. ती रेघ मग मोरीत ओढली गेली.

घरकामाला येणाऱ्या बाईंसाठी कप वेगळा ठेवणारी घरं आपल्याकडेही आहेत. विचारलं तर तिथेही कुणी विटाळाचं नाव घेत नाही, स्वच्छतेचं कारण पुढे करतात. अशा ठिकाणी माहितीपत्रकं वाटून फारसं काही होत नाही, कारण माहिती सगळ्यांना असतेच. आपण मतं विचारत बसतो. मी तर आधी भांडी कुठे आणि कशी घासली जातात, ते पाहीन.